खेचरवाला वीर

माणसानं माणसाशी समोर तोंड करून बोलावं, एवढी साधी रीतही तात्यांना मंजूर नव्हती. खोली भाड्यानं मागायला मी त्यांच्या दारात गेले तेव्हा ते ओट्यावर लसणाच्या जुड्या बांधत बसले होते. माझी चाहूल लागली आणि गृहस्थ बसल्या जागी फिरले, चक्क माझ्याकडे पाठ करून बसले. पाठ उघडी. खांद्यापासून कमरेपर्यंत नांगरून टाकलेल्या रानासारखी खालीवर झालेली.

“बोला,” ते भिंतीला म्हणाले.

मी शाळेवर नव्यानं नेमणूक झालेली मास्तरीण. बरोबर आई, दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह. उन्हातून चालून आलेली. माझं डोकं फिरलं. “खोली द्यायची नसेल तर तसं सांगा. पाठ कशाला फिरवता?”

“बघितली का?”

“काय?”

“पाठ.”

“न बघून करते काय! डोळ्यांसमोर तीच आहे.”

मग ते वळले. समोरून माणूस अगदी साधा, पिकलेल्या मिशांचा, बारीक हसऱ्या डोळ्यांचा. “खोली हाय. पानी हिरीचं, वांगी घरची. बाकीचं आईस्नी इचारून ठरवू. तुमी तापट दिसता.”

गावाचं नाव सांगत नाही. इंदापूरहून निरवांगीकडे जाताना लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं भांडखोर होती, अजूनही असतील, आणि मला भांडायचा कंटाळा नसला तरी आता दम पुरत नाही.

तात्यांच्या त्या सवयीला गाव सरावलेलं होतं. तलाठी येवो, व्यापारी येवो, लेकीचा सासरा येवो, आधी पाठ आणि मग तोंड. उन्हाळ्यात उघडेच असत. थंडीत घोंगडी घेत, ती पुढून छातीवर लपेटून पाठ उघडी ठेवत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सदरे शिवून घेतले होते; ते पेटीत पडून होते. काकू मला म्हणायच्या, “बाई, ह्यांच्या पाठीला तेल चोळता चोळता माजा जलम चालला. आन ह्ये ती जगाला दावत हिंडत्यात.” तात्यांना कारण विचारलं की म्हणत, “लोक मागनं बोलत्यात. मग मागचं आधीच दावल्यालं बरं.”

लोक त्यांना मेजर म्हणत. आपल्याकडे पलटणीतून आलेला प्रत्येक माणूस मेजर. तात्या होते नाईक, आणि मेजर म्हटलं की दरवेळी न चुकता म्हणत, “नाईक. त्येबी शेवटाला.” तरी लोक मेजरच म्हणत आणि ते दरवेळी दुरुस्त करत. दोन्ही बाजूंना कंटाळा कसा येत नसे, मला कळत नाही.

मिळालेली पदकं त्यांनी पेरूच्या झाडांवर बांधली होती. सुतळीत पत्र्याचे तुकडे, फुटकी झांज आणि मध्ये मध्ये पदकं. वारा आला की खणखणाट व्हायचा आणि पोपट उडायचे. पहिल्या वर्षी उडायचे, असं काकू म्हणाल्या. मी गेले तेव्हा पोपट त्याच सुतळीवर बसून पेरू खात होते. “बघा,” तात्या मोठ्या समाधानानं म्हणाले, “पाखरांनाबी कळलं. गावाला कळाय येळ लागतुया.”

एकदा माझ्या शाळेतली पोरं लाकडी तलवारी घेऊन त्यांच्या रानाच्या बांधावर लढाई खेळत होती. तात्यांनी त्यांना हाक मारली. लढाई शिकायची का म्हणून विचारलं. पोरं उड्या मारायला लागली. तात्यांनी त्यांना खतासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरवलं, वरून दोन घागरी पाणी ओतून चिखल केला, आणि म्हणाले, “बसा.” पोरं बसली. थोड्या वेळानं एकानं विचारलं, “आता काय करायचं?” “बसायचं.” “तलवार कधी चालवायची?” “तलवार न्हाय. बसायचं. मी वरनं ढेकळं मारनार. कुनाला लागंल ते माझ्या हातात न्हाय, तुमच्याबी न्हाय.” आणि खरंच ते अधूनमधून एक ढेकूळ न बघता पाठीमागे फेकत, आणि मधल्या वेळात वांगी खुरपत. दुपार कलली तेव्हा पोरं रडकुंडीला येऊन वर आली. आयाबाया माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की मेजरनं पोरांचे हाल केले. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “हाल कुठं? म्या त्यांना संध्याकाळी घरी सोडलं की.”

ही सगळी विक्षिप्त माणसाची लक्षणं, आणि मीही सुरुवातीला त्यावर मनसोक्त हसले. पण तात्या नुसते विक्षिप्त नव्हते, ते चिडलेले होते. एक चीड त्यांनी लोणच्यासारखी मुरवत ठेवली होती. गावावरची.

गावानं त्यांना तीनदा बदललं, असं ते म्हणत. भरती होऊन निघाले तेव्हा हलगी, गुलाल, सुवासिनींनी ओवाळणं. वाघ चालला म्हणे. परत आले तोवर वारं फिरलेलं. स्वराज्य आलं आणि तीच माणसं म्हणायला लागली, गोऱ्याचा चाकर, परक्यासाठी लढला, त्याला कशाचा मान? मग काश्मिरातली लढाई झाली, आपलं लष्कर आपलं वाटायला लागलं, आणि मी गेले त्या सुमारास गाव पुन्हा त्यांना वाघ म्हणू लागलं होतं. “म्या त्योच हाय,” तात्या म्हणत. “तवाबी वांगी लावत हुतो, आत्ताबी लावतुया. वाघ आन कुत्रं ह्ये गाव ठरवतंय, त्येच्या सोयीनं.”

पण चिडीचं मूळ त्यांच्या स्वतःच्या मानापमानात नव्हतं. ते दोन घरं सोडून राहणाऱ्या सोनाबाईच्या दारात होतं.

सोनाबाईचा नवरा भिवा. तात्यांबरोबरच भरती झाला, बरोबरच बोटीत बसला आणि परत आला नाही. त्याची मुलगी हिरा माझ्या वर्गात सातवीला होती. हुशार, आणि कुणी काही बोलायच्या आत मारायला उठणारी. तिच्याबद्दल मी तात्यांकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी मला भिवाची हकिकत सांगितली. तात्या लढाईबद्दल सलग बोलले ते तेवढंच.

“इटलीचा मुलूख. डोंगर, चिखल आन थंडी. वर बसल्याल्या पोरांना डाळ-रोटी पोचवायची. मोटार चढत न्हाय, म्हनून खेचरं. एक माझ्याकडं, एक भिवाकडं. वाटंत तोफा सुरू झाल्या. सायब वरडला, पळा! आमी पळालो. समदी पळाली, सायब सगळ्यांच्या म्होरं. गोळा मागं पडला. माझी पाठ गेली, भिवा गेला. त्येचं खेचर तेवढं वर पोचलं, डाळीसकट.”

रजेवर आलेल्या वरकुट्याकडच्या एका शिपायानं हॉटेलात चहा पिताना सांगितलं, की भिवाला पळताना पाठीत लागलं. त्यानं सहज सांगितलं. पलटणीतल्या माणसाला त्यात विशेष काय? पण गावाच्या डोक्यात लढाई म्हणजे अजून तलवारीची होती. समोरासमोर उभं राहायचं, घाव छातीवर घ्यायचा. पाठीवर घाव कुणाच्या असतो? पळपुट्याच्या. तोफेच्या गोळ्याला पुढचं-मागचं काही कळत नाही, हे तिथं कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? पोवाडे ऐकून कान तयार झालेले. भिवा पाठ दाखवून मेला, हे एकदा ठरलं ते ठरलं.

नुसतं बोलण्यावर भागलं असतं तर सोनाबाईनं सोसलं असतं. पण त्या गावात धुळवडीला वीर निघत. ज्या घरात कुणी लढाईत पडलं असेल, त्या घरच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक असे. हाताच्या बोटाएवढा पत्रा, त्यावर घोडा, घोड्यावर तलवारवाला स्वार. धुळवडीला तो टाक ताम्हनात घेऊन, हलगीच्या तालावर नाचत मारुतीला न्यायचा. वाटेतल्या दारादारांत बाया उभ्या राहून टाक धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालत. ज्या घरचा वीर निघाला ते घर वर्षभर ताठ मानेनं चाले. ज्या मेलेल्याचा वीर निघत नाही तो नुसता मेला. भुतासारखा कुठं तरी राहिला.

बातमी आली त्या वर्षी सोनाबाईनं गावातल्या थोरांकडे पदर पसरला. थोरांनी सांगितलं, पाठीवर घाव, त्याचा वीर होत नाही. तेव्हापासून दर धुळवडीला ती दार लावून आत बसे. हिरा शाळेत पोरांना मारायची ती यासाठी.

आणि तात्या आधी पाठ दाखवायचे तेही यासाठी. हा माणूस वर्षानुवर्षं आपली पाठ गावाच्या तोंडासमोर धरून उभा होता, की घ्या, माझ्याही पाठीवरच आहे, म्हणा पळपुटा. पण गावाचा कावा असा, की जिवंत माणसाला पाठीवरून कुणी काही म्हणेना. त्यांना मेजर म्हणत, राम राम घालत. मेलेला सोयीचा होता.

त्यातच सरपंच आबांनी तात्यांचा सत्कार काढला. शाळेची नवी खोली बांधून झाली होती, पुण्याहून कुणी साहेब उद्घाटनाला येणार होते. शिवाय आबांचा थोरला मुलगा त्याच महिन्यात फौजेत भरती झाला होता, त्यामुळे आबांना फौजेच्या प्रेमाचं एकदम भरतं आलेलं. फेटा, नारळ, शाल, शाहीर, सगळं ठरवून ते तात्यांच्या ओट्यावर आले. पाठ बघितली, मग तोंड बघितलं, आणि आमंत्रण दिलं.

“येतो,” तात्या म्हणाले. “पन औंदा धुळवडीला भिवाचा वीर निघाला पायजे.”

“बघू की, मेजर.”

“नाईक. बघू न्हाय. निघाला पायजे.”

“बरं, बरं,” आबा म्हणाले आणि चप्पल घालून गेले. या “बरं बरं”ला काही अर्थ नसतो हे मलासुद्धा कळत होतं.

सत्काराला तात्या काकूंच्या हट्टापायी उपरणं पांघरून आले. मांडव भरला होता. साहेब खुर्चीत. शाहिरानं डफावर थाप मारली आणि सुरू केलं: डोंगर चढून गेला वाघ, शत्रूनं धरला माग, छातीवर झेलले घाव, राखलं गावाचं नाव, जी जी जी. पोरं टाळ्या पिटत होती. आबा मान डोलवत होते. आणि तात्या उठले.

“शाईर, जरा थांबा. घाव कुठं झेललं म्हनालात?”

“छातीवर, मेजर.”

“कुनाच्या?”

शाहीर हसला, त्याला वाटलं थट्टा चाललीय. तात्यांनी उपरणं काढून खुर्चीवर ठेवलं आणि साहेबांकडे, आबांकडे, साऱ्या मांडवाकडे पाठ करून उभे राहिले. आवाज मात्र असा चढवला की मागं उभ्या असलेल्या बायांनाही ऐकू जावं.

“ह्यो बघा घाव. मी पळत हुतो. भिवाबी पळत हुता. यकाच गोळ्यानं दोगांस्नी धरलं. मग माझ्या पाठीला फेटा आन त्येच्या पाठीवर थुका, ह्यो कुठला न्याय? यकतर दोगंबी वीर, न्हायतर दोगंबी पळपुटं. गावानं ठरवावं. म्या थांबलोय.”

 साहेबांनी आबांकडे पाहिलं, आबांनी शाहिराकडे पाहिलं, शाहिरानं डफाकडे. तात्या उभेच. शेवटी आबा पुटपुटले, “आता ह्ये काय, पाव्हन्यांसमोर...” तात्यांनी उपरणं उचललं, फेट्याच्या तबकाकडे ढुंकूनही न बघता मांडवातून चालू लागले. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी साहेबांना चहा द्यायचं विसरले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा ओट्यावर. या वेळी माणूस खरोखर तडजोडीला आला होता, हे मी मान्य करते. तात्यांकडे कामाला येणारी सोनाबाई तिथंच परसात पाटीत वांगी भरत होती. आबा म्हणाले, “मेजर, मी रातभर इचार केला. वाट हाय. तुमी फकस्त म्हना, भिवा पळत नव्हता. डोंगर चढत हुता, आन गोळा मागनं आला. तुमी सोत्ता तितं हुता, तुमचा सबूद कोन मोडनार? येवढं म्हना, भिवाचा वीर मी सोत्ता नाचवत न्हेतो.”

माझ्या मनात आलं, झालं! सुटलं! एवढंसं वाक्य.

तात्या म्हणाले, “पळत हुता.”

“आवो, पन...”

“पळत हुता, आबा. लई पळत हुता. त्येच्याइतकं जोरात पळताना म्या कुनाला बघितलं न्हाय. खोटा वीर तुमाला लागतोय, आमाला न्हाय.”

आबा तणतणत गेले आणि मी तात्यांवर तुटून पडले. म्हटलं, तुमच्या खरेपणाची किंमत ती बाई का देणार? एक वाक्य बोलला असता तर तिचं दार उघडलं असतं, पोरीची मान वर झाली असती. तुम्हाला तुमचा हेका मोठा. मी बरंच बोलले. मला अजूनही वाटतं की मी चूक बोलत नव्हते.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, आज म्या भिवाला चढवला डोंगरावर. आन उद्या आबाचं पोरगं पळताना मेलं, त्येच्या आईनं कुनाकडं बघायचं? तितं तर म्या नसनार खोटं बोलायला. आता लढाईत पळत्यातच, बाई. जो पळत न्हाय त्यो शूर न्हाय, त्यो भैरा. ह्ये गावाला यकदा कळू द्या.”

 परसातून सोनाबाई पाटी घेऊन पुढं आली. तिनं पाटी आमच्या दोघांच्या मध्ये आदळली.

“मला इचारलं का कुनी?” ती म्हणाली, आणि निघून गेली.  खरंच कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी हिरा निरोप घेऊन आली, की आई म्हणते टाक करायला टाका. एवढंच. पुढं काय करायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि तात्यांना विचारायचा धीर झाला नाही. सोनाबाईनं आपली जोडवी वितळवायला पाठवली होती. मला बारामतीला शाळेच्या कामाला जायचं होतं, म्हणून मी, तात्या आणि हिरा एकाच एस.टी.नं गेलो.

सोनार म्हातारा, चष्म्यातून वर बघणारा. त्यानं तयार ठसा काढून ठेवला: घोडा, स्वार, तलवार. तात्यांनी तो बाजूला सारला आणि कोळशानं फरशीवर चित्र काढायला घेतलं. तात्यांना चित्रकला येत नव्हती, हे मी जबाबदारीनं सांगते. पण माणूस होता, त्याच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला एक चार पायांचं जनावर आणि जनावरावर पातेलं.

“ह्ये गाढव कशापायी?” सोनार म्हणाला.

“गाढव न्हाय, खेचर. कान जरा आखूड करा.”

“देव्हाऱ्यात खेचर? अहो, वीर म्हंजी घोडा. माझ्या बापानं घोडा काढला, आज्यानं घोडा काढला.”

“भिवाकडं घोडा नव्हता.”

“तलवार तरी असंल?”

“पळी हुती. डाळ वाढायची. ती काडा, पायजे तर.”

सोनारानं माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई आहे, चार शब्द समजुतीचे सांगेल. मी म्हटलं, “पळी काढा.” हिरा तोवर हसत सुटली होती. त्या मुलीला मी हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

होळी झाली. धुळवडीला सकाळपासून हलगी कडाडत होती. चावडीपाशी सगळे वीर जमलेले. आबांच्या घरचा वीर मानाचा, तो सर्वांत पुढं. सोनाबाईचं दार उघडं होतं. आधी तात्या बाहेर पडले, मग ताम्हन धरून हिरा, तिच्या मागं सोनाबाई, आणि सोनाबाईच्या मागं काकू आणि मी. मुलीनं वीर धरायचा नसतो असाही तिथं नियम होता. पण ताम्हनातलं खेचर बघून लोक इतके गार पडले, की त्या नियमाची कुणाला आठवणच राहिली नाही.

हलगी थांबली. आबा वाट अडवून उभे राहिले. रागावलेले नव्हते, घाम फुटलेला होता. गाव मागं उभं होतं आणि गावाला तोंड देणं सरपंचाला भाग होतं. त्यांनी तात्यांकडे पाहिलंच नाही. सरळ सोनाबाईला म्हणाले, “सोने, मला आडवायची हौस न्हाय. तू घरधनीन. तू म्हन यकदा, पळत नव्हता. समद्या गावादेखत म्हन, मी वाट सोडतो.”

मी तात्यांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. सोनाबाई आता ते वाक्य बोलणार, आणि तिनं ते बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. मरेना का तत्त्व. इतकी वर्षं तिनं दार लावून काढली होती.

सोनाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“पळत हुतं, आबा,” ती म्हणाली. “आमचं धनी पळत हुतं. मला ठावं हाय कुनाकडं पळत हुतं. माझ्याकडं पळत हुतं, आन ह्या पोरीकडं. मग मी त्यांस्नी न्हाय म्हनू व्हय?”

  हिरानं ताम्हन आणखी वर धरलं, त्यात टाक वाजला. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायची तसदी ते घेत नव्हते.

मग आबांच्याच दारातून त्यांची बायको खाली उतरली. हातात पाण्याची कळशी. वीरांच्या वाटेवर पाणी घालायला सगळ्याच बाया उभ्या होत्या, पण दारं सोडून खाली कुणी येत नसे. ती आली, नवऱ्याच्या बाजूनं पुढं झाली आणि हिराच्या पायांवर कळशी रिकामी केली.

“काय करतीस?” आबा खालच्या आवाजात म्हणाले.

“आपला पळत आला, तर दार लावून घीन व्हय मी?” ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, रिकाम्या कळशीकडे बघून.

आबा बाजूला झाले. वाट सोडतो वगैरे काही म्हणाले नाहीत, नुसते झाले. दुसऱ्या दारातली बाई कळशी घेऊन उतरली, मग तिसऱ्या. हलगीवाल्यानं कुणाची वाट पाहिली नाही. हिराला नाचता येत नव्हतं, ती नुसती चालत होती, ताठ, आणि भिवाचं खेचर मारुतीच्या देवळाकडे निघालं.

तात्या देवळात आले नाहीत. वीरांच्यात जित्त्या माणसाचं काय काम, म्हणाले, आणि रानाकडे वळले. मी धावत त्यांना गाठलं. म्हटलं, “तात्या, जिंकलात की!”

“कसलं जिकतोय,” ते म्हणाले. “गाव हाय त्ये. आज बाया हुत्या म्हनून गप बसलं. फुडच्या साली परत आडवतील.”

“मग?”

“मग परत येऊ.”

पुढच्या वर्षी खरंच अडवलं. आम्ही परत गेलो.